लंका नेमकी कोठे? : एका दूरस्थ बेटाच्या भूगोलाची पडताळणी

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी पैठण, नांदेड अशी मराठी मुलुखातील गावे मागे टाकून कंदकुर्तीला येते, तेथे मांजरा आणि हरिद्रा यांना पोटात घेते, आणि पुढे बासरच्या घाटाला लागते. बासर हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र. मुलाच्या हाती पहिली पाटी देण्यापूर्वी अक्षराभ्यासाचा विधी करण्यासाठी तेलुगू आणि मराठी अशी दोन्ही भाषांची कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि मग हैदराबाद राज्याच्या मराठी-तेलुगू सीमेवर असलेले हे गाव भाषावार प्रांतरचनेत आंध्र प्रदेशात गेले, २०१४ साली तेलंगणात आले, आणि २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर निर्मल जिल्ह्यात मोडू लागले. सीमा बदलल्या, नदी आणि आख्यायिका मात्र जागच्या जागी राहिल्या. कुरुक्षेत्राच्या संहारानंतर व्यासमुनी शांतीच्या शोधात येथे आले, वाळूच्या मुठींतून त्यांनी देवीची मूर्ती घडविली आणि 'व्यासर' या नावाचे पुढे 'बासर' झाले, असे सांगतात. देवळाजवळच वाल्मीकींची समाधी म्हणून एक स्थान दाखविले जाते.

महाभारत आणि रामायण या दोन्ही काव्यांच्या कर्त्यांना एकाच गावात आणून बसविणारी ही लोकश्रद्धा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे कारण नाही. परंतु वाल्मीकींच्या समाधीपाशी उभ्या राहणाऱ्या जिज्ञासू वाचकाच्या मनात एक प्रश्न येतोच. रामायणातील स्थळे खरोखर कोठे? याच नदीच्या काठी नाशिकला एक पंचवटी आहे, आणि शेकडो किलोमीटर खाली भद्राचलमजवळ पर्णशाळा येथे तेलुगू भाविक दुसरी पंचवटी दाखवितात. बासर या दोहोंच्या मध्ये आहे. पंचवटीबद्दल एवढी तफावत, तर समुद्रापलीकडच्या लंकेबद्दल काय सांगावे? 'लंकेत सोन्याच्या विटा' ही म्हण ज्याच्या तोंडी नाही असा मराठी माणूस विरळा. पण ती लंका कोणती, याचा वाद विसाव्या शतकात मराठी विद्वानांनी ज्या नेटाने घातला, त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे.

प्रथम मूळ ग्रंथ काय सांगतो ते पाहिले पाहिजे. सीतेच्या शोधासाठी वानरांना चार दिशांना पाठविताना सुग्रीव दक्षिणेकडील देशांची जंत्री देतो. तीत विंध्य, नर्मदा, गोदावरी, कृष्णवेणी, कावेरी, ताम्रपर्णी, पांड्यांचा देश आणि महेंद्र पर्वत अशी नावे येतात, आणि मग समुद्रापलीकडील द्वीप येते. पुढे संपाती सांगतो की, लंका समुद्रात शंभर योजनांवर आहे. नगरी त्रिकूट पर्वताच्या माथ्यावर वसलेली आहे. सेतू शंभर योजने लांब आणि दहा योजने रुंद; प्रचलित पाठाप्रमाणे पाच दिवसांत अनुक्रमे चौदा, वीस, एकवीस, बावीस आणि तेवीस योजने असे ते काम झाले. बेरीज बरोबर शंभर भरते. येथवर सर्व काही दक्षिणेकडे बोट दाखविते. परंतु त्याच किष्किंधाकांडात एक अडचण दडलेली आहे. दक्षिणेस निघालेले वानर स्वयंप्रभेच्या गुहेतून बाहेर पडतात ते विंध्य पर्वतापाशी, आणि तेथेच त्यांना समोर महासागर दिसतो. संपातीची भेटही विंध्यावरच होते. विंध्याच्या पायथ्याशी समुद्र कोठून आला? पुढील सगळ्या वादाचे बीज या एका विसंगतीत आहे.

योजनांचा हिशेब

भूगोलाची पडताळणी अंतरापासून सुरू व्हावी हे उचितच. योजन म्हणजे किती, याविषयी प्राचीन ग्रंथांत एकवाक्यता नाही. पण ज्योतिष्यांनी पृथ्वीचा व्यास योजनांत दिलेला असल्यामुळे त्यांचे योजन आज मोजता येते. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने सांगितला आहे. पृथ्वीचा खरा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर धरला तर आर्यभटाचे योजन बारा किलोमीटरांच्या आसपास येते. भास्कराचार्यांनी व्यास १५८१ आणि परिघ ४९६७ योजने दिला. त्यांचे योजन आठ किलोमीटरांचे. म्हणजे शंभर योजने कमीत कमी आठशे आणि फार तर बाराशे किलोमीटर झाली. आजच्या श्रीलंकेपर्यंतचा समुद्र किती? धनुष्कोडी ते तलैमन्नार हे अंतर तीस किलोमीटरांच्या आत आहे. अख्ख्या श्रीलंकेची उत्तर-दक्षिण लांबीही साडेचारशे किलोमीटरांहून कमी भरते. तेव्हा शंभर हा आकडा शब्दशः घेतला तर श्रीलंका त्यात बसत नाही, आणि तो केवळ 'फार मोठे' या अर्थाचा काव्यसंकेत मानला तर त्यावरून कोणतेच स्थळ सिद्ध होत नाही. पडताळणीच्या पहिल्याच पायरीवर हा धडा मिळतो.

दुसरा साक्षीदार वराहमिहिर. सहाव्या शतकात अवंतीत बसून लिहिलेल्या 'बृहत्संहिते'च्या चौदाव्या अध्यायात त्याने दक्षिणेकडील देशांची यादी दिली आहे. तीत लंकेचे नाव आहे, आणि सिंहलाचे नावही निराळे आहे. एकाच यादीत एकाच बेटाची दोन नावे यावीत, हे संभवत नाही असे नाही. पण शंका घेण्यास ते पुरेसे आहे. अशोकाच्या शिलालेखांत या बेटाचा उल्लेख ताम्रपर्णीच्या प्राकृत रूपाने येतो. ग्रीकांचे 'टॅप्रोबेन' त्यावरूनच आले. उलटपक्षी, सिंहली बौद्धांचे 'दीपवंस' आणि 'महावंस' हे पाली इतिवृत्तग्रंथ आपल्या बेटाला निःसंकोच लंका म्हणतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकापासून तरी त्या बेटावर हे नाव रूढ होते. त्या राष्ट्राने 'सिलोन' हे नाव सोडून 'श्रीलंका' हे नाव अधिकृतपणे स्वीकारले ते मात्र २२ मे १९७२ रोजी. तेव्हा नकाशावर आज जे नाव छापलेले दिसते, ते प्राचीन प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे करता येत नाही.

पंचांगातील लंका

मराठी माणसाच्या घरी लंका केवळ रामायणातून आलेली नाही. ती पंचांगातूनही आलेली आहे. आपल्या ज्योतिष्यांनी शून्य रेखांश उज्जयिनीवरून काढला, आणि ही रेषा विषुववृत्ताला जेथे छेदते त्या बिंदूला लंका म्हटले. भास्कराचार्यांच्या भूगोलात लंका पृथ्वीच्या मध्यावर, तिच्या पूर्वेस नव्वद अंशांवर यमकोटी, पश्चिमेस तितक्याच अंतरावर रोमकपत्तन आणि बरोबर पाठीमागे सिद्धपूर. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यमकोटीस मध्यान्ह, सिद्धपुरास सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र असते. ही मांडणी पृथ्वी गोल आहे हे पक्के ठाऊक असलेल्या गणितज्ञाची आहे. अवंती ही निरक्ष देशापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर असल्याचे भास्कराचार्य सांगतात. उज्जैनचे आजचे अक्षांश २३ अंश ११ कला आहेत. फरक एका अंशाहूनही कमी!

या लंकेला अक्षांश नाही, त्यामुळे तेथे दिवस आणि रात्र सदैव सारखी. म्हणूनच राशींच्या उदयाचे मूळ कोष्टक लंकेचे धरले जाते आणि त्याला 'लंकोदय' म्हणतात : मेष २७८ पळे, वृषभ २९९, मिथुन ३२३, तिन्हींची बेरीज ९०० पळे, म्हणजे पंधरा घटका. कोणत्याही गावचा उदय काढावयाचा झाला तर त्या गावच्या पलभेवरून चरखंडे काढून ती या आकड्यांत उणी-अधिक करावयाची. बासरचे अक्षांश १९ अंशांहून किंचित कमी. विषुवदिनी बारा अंगुळी शंकूची मध्यान्हीची सावली तेथे चार अंगुळांहून थोडी अधिक पडते. त्यावरून पहिले चरखंड ४१ पळांचे येते आणि सायन मेषेचा बासर येथील उदय २७८ ऐवजी २३७ पळांचा होतो. रेखांशाचेही तसेच. बासर ७८ अंशांच्या रेषेच्या जवळजवळ लागून आहे. उज्जैन-लंका रेषेपासून सुमारे सव्वादोन अंश पूर्वेस. म्हणून बासरला सूर्य मध्यावर येतो तो त्या रेषेपेक्षा सुमारे बावीस पळे, म्हणजे पावणेनऊ मिनिटे आधी. जुन्या पद्धतीने पत्रिका मांडणारा जोशी, त्याला जाणीव असो वा नसो, प्रत्येक वेळी लंकेपासूनचे अंतर मोजत असतो.

मात्र ही लंका नकाशावर शोधू गेल्यास तेथे काय आढळते? उज्जैनचा रेखांश पूर्व ७५ अंश ४६ कला. तो विषुववृत्ताला जेथे मिळतो तेथे उघडा हिंदी महासागर आहे. श्रीलंकेचे दक्षिण टोक विषुववृत्ताच्या जवळजवळ सहा अंश उत्तरेस राहते, आणि बेटाचा सर्वांत पश्चिमेकडील किनाराही उज्जैन रेषेच्या चार अंश पूर्वेस. अकराव्या शतकात अल्बेरुनीने ही पडताळणी आपल्या परीने करून पाहिली होती. भारतीय ज्योतिष्यांची लंका त्याने आदरपूर्वक नोंदविली. पण त्या समुद्रात फिरणाऱ्या लोकांकडून या वर्णनाशी जुळणारे काही ऐकावयास मिळाले नाही, असेही त्याने स्पष्ट लिहून ठेवले. लंका या नावावरून त्याला लवंगेच्या देशाची आठवण झाली, हा त्यातला रोचक भाग. ग्रंथातील वचन आणि दर्यावर्द्यांची साक्ष समोरासमोर ठेवून पाहण्याची त्याची ही रीत आजही अनुकरणीय वाटते. ग्रीकांनाही दूरच्या बेटाने असाच चकवा दिला होता. टॉलेमीने टॅप्रोबेनचे क्षेत्र प्रत्यक्षाच्या सुमारे चौदा पट मोठे काढले आणि त्याचा दक्षिण भाग विषुववृत्तापलीकडे नेला.

मराठी विद्वानांचा वाद

या सर्व सामग्रीची नव्याने उलथापालथ झाली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. जर्मन पंडित याकोबी यांनी १८९३ च्या आपल्या रामायणविषयक ग्रंथात लंका आणि सिंहल यांच्या एकत्वाविषयी शंका उपस्थित केली होती. पुढे इंदूरचे सरदार माधवराव विनायक किबे यांनी एक धाडसी मत मांडले. किबे हे संस्थानी मुत्सद्दी, १९२६ साली मुंबईत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. १९१९ साली पुण्यास पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, त्या सुमारास त्यांनी रावणाची लंका नर्मदेच्या उगमापाशी, अमरकंटकच्या शिखरावर असल्याचा सिद्धांत विद्वानांपुढे ठेवला, आणि पुढील अनेक वर्षे तो नेटाने लढविला. रायबहादूर हिरालाल यांच्यासारख्या मध्य प्रांताच्या जाणकारानेही हीच बाजू उचलून धरली. विंध्याच्या सान्निध्याचा उल्लेख, त्या भागातील गोंडांमध्ये असलेली रावणवंशी म्हणवून घेण्याची परंपरा, आणि 'सागर' हा शब्द मोठ्या जलाशयालाही लागू शकतो हा युक्तिवाद, ही या पक्षाची मुख्य प्रमाणे. विंध्यापाशी दिसणाऱ्या समुद्राची अडचण याने सुटते खरी; पण तिच्या जागी दुसरी उभी राहते. नाशिकची पंचवटी धरली तर अमरकंटक तिच्या ईशान्येस येते, आणि सीतेला तर दक्षिणेकडे नेल्याचे काव्य पुनःपुन्हा सांगते.

दुसरे टोक गाठले ते व्ही. एच. वडेर यांनी. १९२६ साली 'इंडियन हिस्टॉरिकल क्वार्टर्ली'त त्यांनी ज्योतिष्यांची लंका हीच रावणाची लंका मानून ती विषुववृत्तावर, मालदीवच्या बाजूस ठेवली. मालदीवची बेटे खरोखरच विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत आणि योजनांचा हिशेबही तेथे बराचसा जुळतो. परंतु ही प्रवाळबेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच. त्यांवर त्रिकूट पर्वत उभा करणे कठीण.

पुढच्या पिढीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात हा प्रश्न उत्खननाच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या अंगाने घेतला. रामायणात किष्किंधेच्या परिसरात शालवृक्षांची वर्णने आहेत. साल हे झाड हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य व पूर्व भारतात वाढते. गोदावरी ओलांडून दक्षिणेस त्याची नैसर्गिक वने नाहीत. यावरून कवीच्या नजरेसमोरचा प्रदेश मध्य भारतातील असावा, असे त्यांचे अनुमान. ओडिशात महानदी आणि तेल यांच्या संगमावरील सोनपूरच्या परिसराला मध्ययुगीन ताम्रपटात 'पश्चिम लंका' म्हटले आहे आणि तेथे नदीपात्रातील खडकावर लंकेश्वरीचे स्थान आहे, हेही या पक्षाला पोषक ठरते. मात्र कवीला परिचित असलेली झाडे आणि कथेतील घटनास्थळ ही एकच असली पाहिजेत असे नाही, हा आक्षेप येथेही उरतोच. कवी आपल्या अंगणातले झाड दूरच्या देशात लावू शकतो.

गोदेचा एक शब्द

या वादात ज्या एका पुराव्याकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, तो सीमेवरच्या भाषेतला आहे. तेलुगूत 'लंक' म्हणजे नदीच्या पात्रातले बेट. राजमहेंद्रीखाली, धवळेश्वरमपासून गोदावरीला फाटे फुटतात आणि गाळाची सुपीक बेटे तयार होतात. त्या सर्वांना तेथील शेतकरी 'लंका'च म्हणतो. बोब्बरलंका, केदारलंका अशी गावांची नावे त्या भागात ठायी ठायी आढळतात, आणि त्या जमिनीत पिकणारी तंबाखू 'लंक' तंबाखू म्हणूनच विकली जाते. काही अभ्यासकांनी या शब्दाचे मूळ द्राविड किंवा मुंडा भाषांत शोधले आहे. सांकलियांनीही या अर्थाचा आधार घेतला. 'लंका' हे मुळात विशेषनाम नसून 'बेट' या अर्थाचे सामान्यनाम असेल, तर लंका अनेक असण्यात नवल नाही.

अर्थात हा पुरावा दुधारी आहे. लंका म्हणजे बेट असेल, तर ते गोदेतील वा महानदीतील बेट असू शकते, तसेच दक्षिण समुद्रातील मोठे बेटही असू शकते. शब्दाने एकाधिकार मोडला. स्थळ ठरविले नाही. तरीही या शब्दाचे महत्त्व कमी नाही. पोथ्या आणि कोश चाळून जे हाती लागत नाही ते शेजाऱ्याच्या रोजच्या बोलण्यात असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. बासर-धर्माबादच्या पट्ट्यात मराठी आणि तेलुगू कानांवर एकाच वेळी पडतात. अशा ठिकाणच्या वाचकाला ही पडताळणी घरबसल्या करता येते.

अलीकडच्या काळात हा प्रश्न विद्वत्सभांतून निघून न्यायालयांत आणि रस्त्यावर आला. सेतुसमुद्रम कालव्याचे काम २००५ साली सुरू झाले आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सेतूला इजा होईल असे काम करण्यास मनाई केली. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी बेधडक विधाने झाली. मोजणीचे काम मात्र शांतपणे पुढे गेले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१८ ते २०२३ या काळातील उपग्रहाच्या लेसर-मापनांवरून या रांगेचा समुद्राखालचा नकाशा तयार केला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. धनुष्कोडी ते तलैमन्नार २९ किलोमीटर लांबीची ही रांग ९९.९८ टक्के पाण्याखाली, पण उथळ पाण्यात आहे. तिची लांबी, उंची आणि उतार आता आकड्यांत सांगता येतात. ती कोणी बांधली, हा प्रश्न या नकाशाने विचारलेला नाही आणि त्याचे उत्तरही दिलेले नाही. शास्त्राने आपली मर्यादा ओळखून बोलावे, ते असे.

पडताळणीने बेटे नाहीशीही होतात. न्यू कॅलेडोनियाजवळचे 'सँडी आयलंड' शतकाहून अधिक काळ नकाशांवर होते, संगणकावरील नकाशांतही ते उतरले. २०१२ साली ऑस्ट्रेलियाचे संशोधन जहाज त्या जागी गेले तेव्हा तेथे खोल समुद्राखेरीज काही नव्हते. त्यानंतर ते बेट नकाशांवरून पुसले गेले. लंकेचे तसे होणार नाही. कारण लंका एक नाही, तीन आहेत. गणितज्ञांची लंका हा विषुववृत्तावरील एक बिंदू. तो काटेकोर आहे, पण तेथे जमीन नाही. दर्यावर्द्यांची आणि सिंहली इतिवृत्तांची लंका हे खरेखुरे बेट. तेथे जमीन आहे, पण योजने जुळत नाहीत. कवीची लंका तिसरी. तिच्यात विंध्य, महेंद्र, सालवने आणि महासागर एकत्र नांदतात, आणि ती कोणत्याही एका अक्षांश-रेखांशावर संपूर्णपणे उतरत नाही. वाद चिघळले ते या तिघींपैकी एकीचे माप दुसरीला लावल्यामुळे.

किबे, वडेर आणि सांकलिया यांच्यापैकी कोणाचाच पक्ष सर्वमान्य झाला नाही. म्हणून त्यांचे श्रम वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. श्रद्धेचा विषय असूनही त्यांनी अंतरे मोजली, झाडे पाहिली, ताम्रपट वाचले, शब्दांची मुळे खणली, आणि आपल्या मतावरील आक्षेप छापील पानांवर येऊ दिले. पैठणला एकनाथांनी 'भावार्थ रामायण' रचले त्याच गोदेच्या काठच्या समाजाने ही चिकित्साही पचविली; रामकथा ऐकणारा आणि लंकेचे अंतर तपासणारा वाचक अनेकदा एकच होता. त्या वादाची साधने आज परिषदांच्या अहवालांत, संशोधन त्रैमासिकांत आणि गौरवग्रंथांत विखुरलेली आहेत. त्यांपैकी बरीचशी पुन्हा छापली गेली नाहीत. ती जेथे टिकली, तेथे ती जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत टिकली. सेतूवरून पुन्हा वाद पेटेल तेव्हा कोणी काय म्हटले होते, कशाच्या आधारे म्हटले होते आणि त्यावर कोणता आक्षेप आला होता, हे पाहू इच्छिणाऱ्या सभासदाला ही पाने हाती मिळाली पाहिजेत. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेचे काम त्या दिवशी कसाला लागेल.